व्यावसायिक विम्याची विक्री (भारत)

व्यावसायिक विम्याची विक्री म्हणजे दुकाने, कारखाने, गोदामे, शीतगृहे, रुग्णालये, वाहतूक संस्था आणि अन्य व्यवसायांना त्यांच्या मालमत्तेच्या, उत्पन्नाच्या आणि कायदेशीर दायित्वाच्या संरक्षणासाठी विमा उपलब्ध करून देण्याचे काम. भारतात हे काम विमा प्रतिनिधी, विमा दलाल, कॉर्पोरेट प्रतिनिधी आणि विमाकंपन्यांचे स्वतःचे अधिकारी करतात. आयुर्विमा किंवा वाहनविमा विकणाऱ्या प्रतिनिधीला या क्षेत्रात उतरताना पुष्कळसे नव्याने शिकावे लागते. कारण येथे विकल्या जाणाऱ्या पॉलिसीचा मजकूर, तिची रक्कम आणि तिच्या अटी ग्राहकाच्या धंद्याच्या स्वरूपावर अवलंबून असतात. व्यक्तीचे वय, उत्पन्न आणि कुटुंब एवढी माहिती आयुर्विम्याला बहुधा पुरते. यंत्रमागाच्या एका शेडचा विमा काढण्यासाठी मात्र शेड कोणाची, माग कोणाचे, सूत कोणाचे आणि मजूर कोणाच्या हजेरीपटावर, हे चार प्रश्न आधी सोडवावे लागतात. त्यांची उत्तरे चुकली तर चूक लक्षात येते ती आग लागल्यानंतर.

शब्द आणि पार्श्वभूमी

‘विमा’ हा मराठी शब्द फारसी ‘बीमा’वरून आला असून त्याच्या मुळाशी भय या अर्थाचा ‘बीम’ हा शब्द आहे. पश्चिम भारतातील व्यापाऱ्यांमध्ये आधुनिक विमाकंपन्या येण्यापूर्वीपासून ‘जोखमी हुंडी’ प्रचलित होती. माल ठरलेल्या ठिकाणी सुखरूप पोहोचला तरच या हुंडीचे पैसे देय होत. माल वाटेत बुडाला तर हुंडीधारकाचे पैसेही बुडत. म्हणजे पतपुरवठा आणि जोखीम स्वीकारणे ही दोन्ही कामे एकाच कागदाने होत असत. व्यावसायिक विमा ही कल्पना येथील बाजारपेठेला परकी नव्हती, एवढे यावरून म्हणता येते.

कंपनीच्या स्वरूपातील सर्वसाधारण विमा भारतात १८५० मध्ये कोलकात्यात स्थापन झालेल्या ट्रायटन इन्शुरन्स कंपनीपासून सुरू झाला. मुंबईत १९०७ मध्ये इंडियन मर्कंटाइल इन्शुरन्स आणि १९१९ मध्ये सर दोराबजी टाटा यांनी स्थापन केलेली न्यू इंडिया अश्युरन्स या कंपन्या निघाल्या. विमा कायदा १९३८ मध्ये आला. सर्वसाधारण विमा व्यवसायाच्या राष्ट्रीयीकरणाचा कायदा १९७२ मध्ये झाला आणि १ जानेवारी १९७३ पासून १०७ विमाकंपन्यांचे व्यवहार चार सरकारी कंपन्यांत एकत्र करण्यात आले : नॅशनल, न्यू इंडिया, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया. विमा नियामक व विकास प्राधिकरणाचा कायदा १९९९ मध्ये संमत झाल्यावर खासगी कंपन्यांना पुन्हा प्रवेश मिळाला.

प्रतिनिधीच्या कामाच्या दृष्टीने मात्र याहून मोठा बदल १ जानेवारी २००७ रोजी झाला. तोपर्यंत आग, अभियांत्रिकी इत्यादी विम्यांचे दर दर सल्लागार समिती ठरवीत असे आणि ते सर्व कंपन्यांना बंधनकारक होते. कापड गिरणीला अमुक दर, किराणा दुकानाला तमुक दर, असे कोष्टकच असे. कोष्टक पाहून हप्ता सांगता आला की विक्रेत्याचे काम बरेचसे संपत असे. त्या तारखेपासून दर खुले झाले. परिणामी एकाच कारखान्याला दोन कंपन्यांकडून वेगवेगळे दर मिळू लागले आणि पुष्कळ प्रतिनिधींनी ‘सर्वांत स्वस्त’ हाच विक्रीचा मुद्दा केला. दर कमी करून मिळवलेला ग्राहक पुढच्या वर्षी आणखी कमी दराकडे जातो. आणि दर उतरवण्याच्या नादात एखादे आवश्यक संरक्षण वगळले गेले असेल, तर त्याचा जाब प्रतिनिधीलाच विचारला जातो. या क्षेत्रात टिकलेले प्रतिनिधी बहुधा दरापेक्षा मजकुरावर बोलणारे असतात.

अर्हता आणि शिक्षण

विमा प्रतिनिधीच्या नियुक्तीसाठी किमान दहावी उत्तीर्ण असणे आणि विहित परीक्षा उत्तीर्ण होणे आवश्यक असते. प्रतिनिधीला एका वेळी एका आयुर्विमा कंपनीचे, एका सर्वसाधारण विमा कंपनीचे आणि एका आरोग्य विमा कंपनीचे काम करता येते. दलालाची स्थिती वेगळी आहे : तो अनेक कंपन्यांकडून प्रस्ताव मागवू शकतो आणि कायद्याच्या दृष्टीने तो ग्राहकाचा प्रतिनिधी असतो, तर विमा प्रतिनिधी कंपनीचा. हा फरक ग्राहकाला क्वचितच माहीत असतो. प्रतिनिधीला तो पुरता ठाऊक असावा लागतो, कारण मोठ्या कारखान्यांच्या बाबतीत त्याची स्पर्धा दलालांशीच असते. ‘पॉइंट ऑफ सेल्स पर्सन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विक्रेत्यांना केवळ सोप्या, ठरावीक साच्यातील पॉलिसी विकण्याची मुभा आहे. त्यामुळे कारखान्याच्या विम्यापर्यंत त्या मार्गाने पोहोचता येत नाही.

प्रवेशपरीक्षेचा अभ्यासक्रम सर्वसाधारण विम्याची तोंडओळख करून देतो, त्यापलीकडे जात नाही. पुढील अभ्यासासाठी मुंबईची भारतीय विमा संस्था ही मुख्य संस्था आहे. १९५५ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेच्या लायसेन्शिएट, असोसिएट आणि फेलो अशा तीन पायऱ्यांच्या परीक्षा असतात आणि त्यांत आगीचा विमा व परिणामी हानी, सागरी विमा, अभियांत्रिकी विमा, दायित्व विमा, जोखीम व्यवस्थापन हे स्वतंत्र विषय घेता येतात. नोकरी न करणाऱ्या प्रतिनिधीलाही या परीक्षा देता येतात. पुण्यात बालेवाडी येथे राष्ट्रीय विमा अकादमी आहे. तेथील प्रशिक्षण मुख्यतः कंपन्यांच्या अधिकाऱ्यांसाठी असते.

पुस्तकातून सिद्धांत कळतात : परम सद्भाव, विमायोग्य हितसंबंध, क्षतिपूर्ती, निकटतम कारण, प्रत्यासन. मात्र हे सिद्धांत एखाद्या ठिकाणी कसे लागू होतात, हे दोन जागी शिकावे लागते : ग्राहकाच्या आवारात आणि पॉलिसीच्या छापील मजकुरात. अनुभवी प्रतिनिधी किंवा कंपनीच्या विकास अधिकाऱ्यासोबत प्रत्यक्ष पाहणीला जाणे ही या धंद्यातील जुनी आणि अजूनही सर्वांत उपयोगी पडणारी पद्धत आहे. दाव्याच्या वेळी सर्वेक्षकासोबत उभे राहून तो काय विचारतो हे ऐकणे त्याहून अधिक शिकवते. विक्रीच्या वेळी कोणते प्रश्न विचारायला हवे होते, ते तेथे कळते.

एकच धंदा निवडणे

नव्या प्रतिनिधीने सर्व प्रकारच्या व्यवसायांकडे एकदम वळण्यापेक्षा आपल्या भागातील एक धंदा निवडून तो आतून समजून घ्यावा, हा सल्ला या क्षेत्रात सर्वमान्य आहे. महाराष्ट्रात प्रत्येक तालुक्याच्या बाजारपेठेला स्वतःचा एखादा धंदा असतो, आणि प्रत्येक धंद्याची जोखीम निराळी असते.

इचलकरंजीतील यंत्रमाग घ्यावा. येथे अनेक यंत्रमागधारक स्वतः सूत विकत घेत नाहीत. व्यापाऱ्याचे सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देतात. त्यांना ‘खर्चीवाले’ म्हणतात. अशा शेडमध्ये आग लागली तर जळालेले सूत आणि कापड व्यापाऱ्याचे असते. पारंपरिक आगीच्या पॉलिसीत दुसऱ्याचा, विश्वासाने किंवा अडतीवर ठेवलेला माल स्पष्ट उल्लेखाशिवाय समाविष्ट होत नाही. ‘शेडमधील सर्व माल’ एवढेच लिहून घेतलेल्या पॉलिसीत म्हणून माल असूनही विमा नाही अशी स्थिती उद्भवू शकते. व्यापारी भरपाई मागतो, आणि यंत्रमागधारकाकडे फक्त मागांचे पैसे असतात.

सांगली-तासगाव भागातील बेदाण्याच्या शीतगृहांत हाच प्रश्न आणखी तीव्र होतो, कारण तेथील जवळजवळ सगळा माल शेतकऱ्यांचा व व्यापाऱ्यांचा असतो. शिवाय शीतगृहाला आगीइतकाच धोका यंत्रणा बंद पडण्याचा आहे. आग न लागता, केवळ कॉम्प्रेसर बिघडून तापमान वाढले आणि माल खराब झाला, तर आगीची पॉलिसी उपयोगी पडत नाही. त्यासाठी यंत्रबिघाड विमा आणि त्याला जोडून साठा खराब होण्याचा विमा घ्यावा लागतो. हळद, कापूस, सरकी, पेंड यांच्या गोदामांत मालाचे आपोआप तापणे हा धोका असतो. माल स्वतःच्या उष्णतेने तापून पेटला तर त्या मालाची हानी पारंपरिक पॉलिसीत वगळलेली असते; जादा हप्ता भरून ती समाविष्ट करून घेता येते. जिनिंगच्या कारखान्यात हंगामाबाहेर महिनोन्‌महिने कोणी नसते. जागा सलग ३० दिवसांहून अधिक काळ रिकामी राहिली तर पारंपरिक आगीच्या पॉलिसीतील संरक्षण थांबते. म्हणून कंपनीची आगाऊ संमती घेऊन तशी नोंद करून घ्यावी लागते.

या गोष्टी ग्राहक आपण होऊन सांगत नाही, कारण त्या विम्याशी संबंधित आहेत हे त्याला ठाऊक नसते. त्याच्या दृष्टीने तो रोजचा धंदा असतो. म्हणून प्रतिनिधीची पहिली भेट प्रस्तावपत्र भरण्याची नसावी. आवार फिरून पाहावे : भिंती आणि छप्पर कशाचे आहे, विजेचा मुख्य फलक कोठे आहे, रंग, द्रावक किंवा डिझेल कोठे साठवले जाते, अग्निशामक उपकरणे केव्हा भरली गेली, शेजारी कोणता कारखाना आहे, पावसाळ्यात पाणी कोठपर्यंत येते. पाण्याचा प्रश्न महाराष्ट्रात विशेष महत्त्वाचा आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरला आणि २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणच्या बाजारपेठेला पुराने वेढले. पारंपरिक आगीच्या पॉलिसीतून वादळ व पूर हा धोका वगळून हप्ता कमी करता येत असे. चार पैसे वाचवण्यासाठी केलेली ही काटछाट नदीकाठच्या दुकानदाराला फार महाग पडते.

विमारक्कम

व्यावसायिक विम्यातील सर्वाधिक तंटे विमारकमेवरून होतात आणि प्रतिनिधीचे कौशल्यही येथेच कसाला लागते. मालमत्तेच्या खऱ्या मूल्यापेक्षा कमी रकमेचा विमा असेल तर त्याला अल्पविमा म्हणतात. अशा वेळी कंपनी ‘सरासरी’च्या कलमानुसार हानीचा तेवढाच अंश देते. सूत्र साधे आहे : हानी गुणिले विमारक्कम, भागिले प्रत्यक्ष मूल्य.

समजा, एका शेडमधील यंत्रांची आजची किंमत १ कोटी रुपये आहे. मालकाने ताळेबंदातील घसारा वजा जाता उरलेली ४० लाख रुपयांची रक्कम पाहून तेवढ्याचा विमा काढला. आगीत २५ लाखांची यंत्रे गेली. मालकाला वाटते की, विमा ४० लाखांचा आहे आणि नुकसान २५ लाखांचे, तेव्हा सगळे पैसे मिळतील. पुनःस्थापना मूल्याच्या आधारावर घेतलेल्या पॉलिसीत हिशोब असा होतो : २५ लाख गुणिले ४०, भागिले १००; म्हणजे १० लाख. उरलेले १५ लाख त्याने स्वतःच सोसायचे असतात. यात कंपनीने काही कापून घेतले असे नाही. ६० टक्के जोखमीचा हप्ता त्याने भरलाच नव्हता. पण हे दाव्याच्या वेळी पहिल्यांदा ऐकणाऱ्या माणसाला ते फसवणुकीसारखेच वाटते.

ताळेबंदातील मूल्य घसारा वजा करून आलेले आणि आयकरासाठी उपयोगी असते. बाजारमूल्य म्हणजे त्याच वयाच्या, तेवढ्याच झिजलेल्या यंत्राची किंमत. पुनःस्थापना मूल्य म्हणजे तसेच नवे यंत्र आज बसवण्याचा खर्च. इमारत आणि यंत्रे यांचा विमा साधारणपणे पुनःस्थापना मूल्याने घ्यावा. कच्च्या मालाचा व तयार मालाचा विमा मात्र खर्चाच्या किमतीने होतो, त्यात नफा धरला जात नाही. इमारतीच्या मूल्यात जमिनीची किंमत धरायची नसते, कारण जमीन जळत नाही. हा मुद्दा हास्यास्पद वाटला तरी शहरातील गाळ्यांच्या बाबतीत ही चूक नित्य होते आणि ग्राहक वर्षानुवर्षे अकारण जादा हप्ता भरत राहतो.

अल्पविम्याचे दुसरे मूळ बँकेच्या कर्जात आहे. कर्जदाराने तारण मालाचा विमा काढावा, अशी बँकेची अट असते. पुष्कळदा विमा कर्जाच्या रकमेएवढाच काढला जातो आणि त्यात बँकेचे नाव घातले जाते. कर्ज ३० लाखांचे आणि गोदामातील माल ७५ लाखांचा असेल तर बँकेची अट पूर्ण होते, पण व्यापारी अल्पविमित राहतो. भरपाईही आधी बँकेकडे जाते. ‘बँकेने विमा काढला आहे’ हे वाक्य प्रतिनिधीच्या कानावर फार वेळा येते. ते ऐकल्यावर पॉलिसीची प्रत मागून घ्यावी आणि त्यात पत्ता, मालाचे वर्णन व रक्कम तपासावी. गोदाम बदलले आणि पॉलिसीत जुनाच पत्ता राहिला, असेही आढळते.

लहान उद्योगांच्या बाबतीत हा जाच काहीसा कमी करण्यात आला आहे. विमा नियामक प्राधिकरणाने १ एप्रिल २०२१ पासून दोन प्रमाणित पॉलिसी आणल्या. एका ठिकाणच्या मालमत्तेचे मूल्य ५ कोटी रुपयांपर्यंत असल्यास ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ आणि ५ कोटींहून अधिक पण ५० कोटींपर्यंत असल्यास ‘भारत लघु उद्यम सुरक्षा’ लागू होते. या पॉलिसींत १५ टक्क्यांपर्यंतचा अल्पविमा माफ असतो. वरील उदाहरणात मालकाने ८८ लाखांचा विमा घेतला असता तर २५ लाखांची हानी सरासरी न लावता विचारात घेतली गेली असती. भूकंप आणि पूर हे धोकेही त्यांत मूळातच समाविष्ट आहेत. ५० कोटींवरील मालमत्तेसाठी पारंपरिक पॉलिसी किंवा मोठ्या प्रकल्पांसाठीच्या सर्वजोखीम पॉलिसी वापरल्या जातात.

साठा सतत कमीजास्त होणाऱ्या व्यापाऱ्यासाठी घोषणा पॉलिसी असते : वर्षातील सर्वोच्च साठ्याएवढी रक्कम आधी ठरवायची, दरमहा साठा कळवायचा आणि वर्षअखेरीस सरासरीनुसार हप्त्याचा काही भाग परत घ्यायचा. अनेक गोदामांत माल फिरवणाऱ्यासाठी सर्व ठिकाणांना मिळून एक रक्कम असलेली तरती पॉलिसी असते. या दोन्ही पद्धती बाजारात ठाऊक नसल्यामुळेच कमी वापरल्या जातात.

आगीपलीकडील विमे

आगीच्या पॉलिसीत आपोआप सगळे येते, हा समज सार्वत्रिक आहे. विमा उतरलेल्या घटनेनंतर ७ दिवसांच्या आत त्या गोंधळात झालेली चोरी भारत सूक्ष्म आणि लघु उद्यम सुरक्षेत धरली जाते; एरवीच्या चोरीसाठी घरफोडी विमा वेगळा घ्यावा लागतो. घरफोडी म्हणजे बळाचा वापर करून आत शिरणे किंवा बाहेर पडणे. कुलूप न तोडता, किल्लीने उघडून किंवा नोकराने हळूहळू नेलेला माल त्या व्याख्येत बसत नाही. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोदामातील चोरीच्या एका प्रकरणात पॉलिसीतील व्याख्येप्रमाणे बळाचा वापर सिद्ध होणे आवश्यक असल्याचा निर्णय दिला. नोकराच्या अपहारासाठी विश्वासघात हमी विमा आणि रोकड नेआणीसाठी रोख रक्कम विमा असे वेगळे प्रकार आहेत.

नफाहानी विमा भारतातील लहान उद्योगांत फार कमी आढळतो, आणि ही मोठी उणीव आहे. आगीनंतर यंत्रे नवी मिळाली तरी ती येऊन बसेपर्यंत सहा-आठ महिने जातात. त्या काळात कर्जाचे हप्ते, भाडे, कायम कामगारांचे पगार थांबत नाहीत. ग्राहक दुसरीकडे जातो. नफाहानी विमा हा निव्वळ नफा आणि चालू राहणारा स्थिर खर्च यांची भरपाई करतो. हिशोबनिसाचा ढोबळ नफा आणि विम्यातील ढोबळ नफा एकच नसतात, म्हणून ही रक्कम ठरवताना ग्राहकाच्या सनदी लेखापालाला सोबत घ्यावे लागते. क्षतिपूर्तीचा काळ म्हणजे पॉलिसीचा काळ नव्हे. धंदा पूर्वपदावर यायला किती महिने लागतील, त्याचा तो अंदाज असतो. भरपाईसाठी आधी मालमत्तेची हानी झालेली असावी लागते आणि तिचा दावा मान्य व्हावा लागतो. २०२० च्या टाळेबंदीत कारखाने बंद राहिले. पण मालमत्ता शाबूत असल्याने सर्वसाधारण नफाहानी पॉलिसीत त्या तोट्याला आधार नव्हता.

दायित्व विम्याचा पाया कायद्यात आहे. कामावर असताना झालेल्या अपघाताबद्दल मालकाने भरपाई द्यावी, हे दायित्व १९२३ च्या कायद्याने निर्माण केले आणि पुढे त्याचा समावेश सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये करण्यात आला. कर्मचारी राज्य विमा योजनेखाली येणाऱ्या कामगाराला त्याच इजेसाठी दुसरीकडे भरपाई मागता येत नाही. म्हणून कोणते कामगार त्या योजनेत आहेत आणि कोणते वेतनमर्यादेमुळे, कंत्राटामुळे किंवा आस्थापनाच लहान असल्यामुळे बाहेर आहेत, ही यादी आधी करावी लागते. हप्ता वेतनावर आकारला जात असल्याने काही मालक वेतन किंवा कामगारांची संख्या कमी दाखवतात. यादीत नसलेला कामगार जखमी झाला की त्याच्या कुटुंबाला पैसे कोणी द्यायचे, हा प्रश्न अशा वेळी विमाकंपनीच्या कक्षेबाहेरच राहतो.

१९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर सार्वजनिक दायित्व विमा कायदा, १९९१ आला. विहित प्रमाणाहून अधिक घातक पदार्थ हाताळणाऱ्यांना त्याखाली विमा घेणे सक्तीचे आहे. रसायनांच्या औद्योगिक वसाहतींत काम करणाऱ्या प्रतिनिधीला ही यादी माहीत असलीच पाहिजे.

वाहतुकीतील मालाच्या बाबतीत एक गोंधळ कायम आढळतो. ट्रकचा विमा म्हणजे ट्रकमधील मालाचा विमा नव्हे. मालासाठी मालकाने वेगळा वाहतूक विमा घ्यावा लागतो, आणि नुकसान झाल्यास वाहतूकदाराला मुदतीत लेखी नोटीस द्यावी लागते. तसे न केल्यास विमाकंपनीचा वसुलीचा हक्क बुडतो व दाव्यात अडचण येते.

ग्राहकापर्यंत पोहोचणे

व्यावसायिक ग्राहक बहुधा ओळखीतून मिळतो. औद्योगिक वसाहतीची संघटना, व्यापारी मंडळ, सनदी लेखापाल, बँकेचा शाखाधिकारी, यंत्रसामग्रीचा विक्रेता हे यातील नेहमीचे दुवे आहेत. ज्यांच्या घराचा किंवा गाडीचा विमा आधीच आपल्याकडे आहे, त्यांतील किती जणांचे दुकान किंवा कारखाना आहे, हे अनेक प्रतिनिधींनी कधी तपासलेलेही नसते.

नूतनीकरणाच्या आठवड्यात जाऊन दर सांगण्यापेक्षा मुदत संपण्याच्या दोन-तीन महिने आधी जाणे योग्य ठरते. त्या वेळी मालकाला सवड असते आणि चालू पॉलिसी शांतपणे वाचता येते. चालू पॉलिसीतील उणिवा लेखी दाखवणे हा परिणामकारक मार्ग आहे. तथापि आधीच्या प्रतिनिधीची निंदा करू नये. ग्राहकाने एखादे संरक्षण नाकारले तर तेही लेखी नोंदवून घ्यावे. ‘तुम्ही मला हे सांगितलेच नव्हते’ या वाक्याला त्याशिवाय दुसरे उत्तर नसते.

प्रस्तावपत्र प्रतिनिधीने ग्राहकाच्या वतीने भरण्याची आणि कोऱ्या कागदावर सही घेण्याची रीत जुनी आहे, आणि घातकही. विमा परम सद्भावाचा करार असल्याने महत्त्वाची माहिती दडवली गेली तर कंपनी दावा नाकारू शकते. ती ग्राहकाने दडवली की प्रतिनिधीने लिहिलीच नाही, हे नंतर सिद्ध करणे कठीण जाते. पूर्वीचे दावे, धंद्यातील बदल, शेडचा एखादा भाग भाड्याने दिलेला असणे, या गोष्टी ग्राहकाकडून स्वतः वाचून व भरून घ्याव्यात. प्रस्तावपत्र इंग्रजीत असेल तर त्याचा अर्थ मराठीत समजावून देणे हा या कामाचाच भाग आहे.

हप्ता आणि कायदा

विमा कायद्याच्या कलम ६४ व्हीबी नुसार हप्ता आगाऊ मिळाल्याशिवाय कंपनीला जोखीम स्वीकारता येत नाही. प्रतिनिधीने गोळा केलेला हप्ता, बँक व टपालाच्या सुट्या वगळता, २४ तासांच्या आत कंपनीकडे जमा करावा किंवा रवाना करावा, असे त्याच कलमात म्हटले आहे. ग्राहकाचा धनादेश दोन दिवस प्रतिनिधीच्या पिशवीत राहिला आणि त्याच रात्री आग लागली, तर होणारा अनर्थ सांगण्याची गरज नाही. आगीच्या पॉलिसीला आयुर्विम्यासारखी सवलतीची मुदतही नसते. मुदत मध्यरात्री संपली की संरक्षण संपते.

कलम ४१ नुसार हप्त्यात किंवा कमिशनमध्ये सूट देऊन ग्राहकाला आमिष दाखवणे निषिद्ध आहे आणि अशी सूट घेणाराही दोषी ठरतो. व्यवहारात ‘कमिशनमधून काही परत करा’ अशी मागणी मोठ्या ग्राहकांकडून सर्रास होते. ती पुरवणाऱ्या प्रतिनिधीकडे वर्षभर सेवा देण्यास ना पैसा उरतो, ना इच्छा.

दाव्याच्या वेळी

नुकसान झाल्यावर पहिले काम म्हणजे कंपनीला तात्काळ कळवणे. आग असल्यास अग्निशमन दलाचा अहवाल, चोरी असल्यास पोलिसांकडील फिर्याद, पूर असल्यास पंचनामा आणि छायाचित्रे लागतात. उरलेला माल वाचवण्याची जबाबदारी विमाधारकाचीच असते. ‘विमा आहे’ म्हणून भिजलेले सूत तसेच पडू दिले तर वाढलेल्या हानीची भरपाई मिळत नाही. मात्र सर्वेक्षक येण्यापूर्वी मलबा हलवू नये, आणि हलवणे अपरिहार्य असेल तर आधी छायाचित्रे घ्यावीत.

ठरावीक रकमेवरील हानीचे मूल्यमापन परवानाधारक सर्वेक्षक करतो. तो खरेदीची बिले, साठ्याची वही, वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे, बँकेला दिलेली साठापत्रके आणि लेखापरीक्षित हिशोब एकमेकांशी ताडून पाहतो. बँकेकडून अधिक उचल मिळावी म्हणून फुगवलेले साठापत्रक आणि कर वाचवण्यासाठी आकसलेला हिशोब या दोन्हींच्या मधे कित्येक दावे अडकतात. जी कागदपत्रे जळू शकतात त्यांच्या प्रती आवाराबाहेर ठेवाव्यात, ही सूचना विक्रीच्या वेळीच देणारा प्रतिनिधी विरळा.

दाव्याच्या निर्णयाबद्दल तक्रार असल्यास आधी कंपनीच्या तक्रार निवारण विभागाकडे जावे लागते. एकल मालकीचे व्यवसाय आणि सूक्ष्म उद्योग यांना विहित मर्यादेपर्यंतच्या दाव्यांसाठी विमा लोकपालाकडे दाद मागता येते. महाराष्ट्रात लोकपालांची कार्यालये मुंबई, पुणे आणि ठाणे येथे आहेत. लोकपालाकडे शुल्क लागत नाही व वकीलही लागत नाही. त्याखेरीज ग्राहक आयोग आणि दिवाणी न्यायालय हे मार्ग खुले असतात.